पाचव्या पांडवाचा राग

मी एक जुना काळा दगड आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. तुम्हाला वाटेल, दगडाला कसला आलाय राग? माणसाचा राग दुधासारखा उतू जातो आणि जाळ ओढून घेतला की खाली बसतो. दगडाचं तसं नसतं. दगड दिवसा तापतो, रात्री निवतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की त्याला सगळं पुन्हा आठवतं.

जळकोटच्या बाहेर, नांदेडकडे निघणाऱ्या रस्त्याला लागून हणमंतरावांचं रान आहे. रानाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. उन्हाळ्यात तो ओढा आहे असं कुणी म्हणणारही नाही. गवताची एक खोलगट पट्टी, तिच्यात चार टाकळ्याची झुडपं आणि शेळ्यांची वाट. पण आषाढ लागला की वरच्या माळाचं सगळं पाणी ह्याच वाटेनं खाली उतरतं. त्या पाण्यानं मला खडकापासून तोडलं, वर्षानुवर्षं लोळवलं आणि माझी एक बाजू पाटासारखी सपाट केली. ओढा माझा बाप आहे म्हटलं तरी चालेल. ही गोष्ट त्याचीच आहे, म्हणून त्याची ओळख आधी करून दिली.

निजामाच्या राज्यात हणमंतरावांच्या पणजीनं मला त्या ओढ्यातून उचललं. तिला पाचवा दगड हवा होता. चार मिळाले होते.

पाच कशाला, ते सांगतो. आमच्या लातूर-नांदेडच्या मुलखात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी माणसं रानात जातात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधतात. कोपीत पाच दगड मांडतात, त्यांना चुना आणि काव लावतात आणि पाच पांडव म्हणून पुजतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा नैवेद्य होतो. मग रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला, ओळख असो नसो, हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी कोपीवरून कुणी उपाशी पुढं गेला तर घरधन्याला ते लागतं.

मी पाचांत लहान, म्हणून माझं नाव सहदेव पडलं.

किती येळवशी पाहिल्या, विचारू नका. एकेका सुनेचे हात मला आठवतात. कुणी चुना लावताना गाणं म्हणायची, कुणी सासूवरचा राग माझ्या पाठीवर घासून काढायची. तुळजाबाई हणमंतरावांची बायको होऊन ह्या घरात आल्या तेव्हा नुकतं चौदावं-पंधरावं उलटलेली पोर होती. पहिल्याच येळवशीला त्यांनी मला नारळाच्या काथ्यानं असं घासलं की मागच्या साऱ्या वर्षांचा चुना निघाला. सासूबाई म्हणाल्या, अगं, देव हाय तो, भांडं न्हाई. तुळजाबाई म्हणाल्या, देव हाय म्हणून तर. तेव्हापासून मी त्यांचा. बाकीचे चार घराचे, मी त्यांचा. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आम्ही पाचही जण बांधावरच्या बाभळीखाली बसून असायचो आणि त्या भाकरी घेऊन येता-जाता माझ्यावर बसलेला कावळा हुसकून लावायच्या. एवढं सुख मला पुरत होतं.

मग नवा रस्ता आला. रानाची एक पट्टी त्यासाठी गेली. ती रीतसर गेली, तिच्याबद्दल माझी किंवा कुणाचीही तक्रार नव्हती. तक्रार पुढं आहे.

रस्त्याचं काम घेणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर होते वरद साहेब. लातूरचे, तरुण, पांढरे बूट घालणारे. त्यांच्याबरोबर ड्रोन उडवणारी मंजुश्री नावाची मुलगी असायची. तीही लातूरची. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. ड्रोन म्हणजे तुम्ही लग्नात बघता तेच चार पंख्यांचं यंत्र. पण इथं ते वरातीसाठी नव्हतं. ते रानावरून नांगराच्या तासासारखं एका रेषेत जायचं, वळायचं, परत यायचं आणि जमिनीचे शेकडो फोटो काढायचं. ते फोटो लातूरच्या कार्यालयातला संगणक एकमेकांना शिवायचा आणि त्यातून जमिनीचा सगळा चढउतार उभा करायचा. फक्त त्या चित्राला आधार लागतो. जमिनीवर चार-सहा ठिकाणी ठळक खुणा ठेवायच्या, प्रत्येक खुणेची जागा यंत्रानं अचूक मोजून घ्यायची आणि मग फोटोत ती खूण शोधून संगणकाला दाखवायची, की बाबा, हे ठिकाण म्हणजे ते ठिकाण. त्या खुणांवर सगळा नकाशा टांगलेला असतो, दोरीवर गोधडी टांगावी तसा.

ओढा जिथं नव्या रस्त्याला भिडत होता, तिथं साहेबांना एक खूण हवी होती. सपाट दगड हवा होता. ते बांधाबांधानं हिंडत बाभळीखाली आले आणि त्यांनी बुटाच्या टोकानं मला उलथं केलं.

मित्रांनो, बुटाच्या टोकानं.

मंजुश्री म्हणाली, सर, ह्याला चुना आणि काव लागलेला दिसतोय, कुणीतरी पुजत असणार, घरात विचारून घेऊ. साहेब हातातल्या फोनवरून नजर न काढता म्हणाले, "इकडं सगळेच दगड देव असतात. उचला."

मला उचललं. ओढ्याच्या तोंडाशी मातीत अर्धा पुरलं, माझ्यावर पांढरा चौकोन रंगवला आणि त्यावर काळी फुली मारली. पाचवा पांडव होतो, पाच नंबरची खूण झालो.

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईंना बाभळीखाली चारच दिसले. त्या सगळं रान हुडकत माझ्यापर्यंत आल्या. फुली बघून त्या खाली बसल्या. पदरानं ती पुसायला लागल्या. तेवढ्यात मंजुश्री धावत आली. तिनं आधी माफी मागितली, मग खूण म्हणजे काय ते बसून समजावलं. "मावशी, आता ह्याला हात लावू नका. हा हातभर सरकला तरी नकाशात तुमचं रान रस्त्यात जाईल. काम झालं की मी स्वतः उचलून तुमच्या हातात देते."

तुळजाबाईंनी पदर आवरला. मग त्यांनी पोरीला ओढ्याचं सांगितलं. इथून लई पाणी जातं, रस्त्याखालून त्याला वाट ठेवा, न्हाई तर खालचं रान पाण्यात बसंल. मंजुश्रीनं हेच साहेबांना सांगितलं, आणि तुळजाबाईंनीही जाऊन सांगितलं. साहेब हसून म्हणाले, आजी, आमच्या यंत्रातून मुंगीचं वारूळसुद्धा सुटत नाही, तुमचा ओढा कुठं जातोय.

खोटं नव्हतं ते. यंत्रातून ओढा सुटलाच नाही. सुटला तो नंतर, आणि कसा सुटला ते मला पुढं मंजुश्रीच्या तोंडून कळलं.

रस्ता कुठं किती उंच करायचा, पाण्यासाठी नळ्यांची मोरी कुठं बसवायची, हे ठरवणारी माणसं हैदराबादेत बसतात. त्यांनी आमचं रान कधी पाहिलेलं नाही. त्यांच्याकडचं सॉफ्टवेअरही वेगळं. लातूरच्या संगणकातला नकाशा त्यांना जसाच्या तसा उघडत नाही. तो त्यांना चालेल अशा रूपात बाहेर काढून पाठवावा लागतो. त्याला एक्सपोर्ट म्हणतात. आपल्या रानातला माल पोत्यात भरून लातूरच्या अडतीला पाठवावा, तसंच ते. पोत्यात जे भरलं, तेवढंच तिकडं पोचतं. रानात काय राहिलं ते अडत्याला कुठून कळणार?

मंजुश्रीनं सगळा माल भरला, एकही बिंदू न गाळता. ती फाइल इतकी जड झाली की हैदराबादचा संगणक ती उघडता उघडता बंद पडला. तिकडून निरोप आला, हलकी करून पाठवा. हलकी करायची रीत असते. जवळजवळचे बिंदू गाळायचे आणि लांबलांबचे ठेवायचे. म्हणजे मोठ्या भोकाची चाळणी लावायची. मंजुश्री म्हणाली, सर, हलकी करू, पण मग ओढ्याची रेघ मी वेगळी आखून सोबत देते, नाही तर एवढी अरुंद खोलगट जागा चाळणीतून पडून जाईल. एक दिवसाचं काम होतं. साहेबांना त्याच दिवशी पाठवून मोकळं व्हायचं होतं. तिला विचारलंय कुणी, असं म्हणून त्यांनी स्वतःच चाळणी लावली. उंचसखलाच्या रेषा छान गुळगुळीत आल्या. हैदराबादच्या माणसांना आमचं रान तळहातासारखं दिसलं. तळहातावर मोरी कशाला हवी? त्यांनी ठेवली नाही.

पुरुषभर उंच भराव माझ्या बापाच्या तोंडावर येऊन पडला. मी भरावाच्या कडेलाच होतो. मी पाहिलं.

पाऊस लागला. वरचं पाणी नेहमीच्या वाटेनं आलं, भरावाला धडकलं आणि मागं फिरलं. फुलावर आलेलं सोयाबीन त्यात उभं राहिलं. आधी पानं पिवळी पडली, मग काळी, मग वास सुटला. मी महिनाभर पाण्याखाली होतो. माझ्यावरची फुली काही गेली नाही, फार चांगला रंग होता तो. तुळजाबाई रोज बांधावर येऊन उभ्या राहायच्या. हणमंतराव म्हातारे, सोशिक. ते म्हणायचे, जाऊ द्या, सरकारी काम हाय, पुढच्या साली बघू. तुळजाबाई म्हणायच्या, पुढच्या साली बी पाणी ह्याच वाटेनं येणार हाय, त्याला दुसरी वाट ठाव न्हाई.

कंपनीत विचारणा झाली. वरद साहेबांनी सांगितलं की ड्रोनवाल्या मुलीनं उड्डाण नीट केलं नाही, ओढा फोटोतच आला नाही. मंजुश्रीला साइटवरून काढून लातूरला खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्यांनी काढलेले फोटो निवडायचं काम दिलं. आभाळात हिंडणारं पाखरू शेणी मोजायला बसवल्यासारखं झालं.

एक दिवस ती एसटीनं जळकोटला उतरली आणि चालत रानात आली. तुमचा दगड मी स्वतः आणून देणार होते, ते आता माझ्या हातात राहिलं नाही, एवढं सांगायला ती आली होती. दोघी माझ्याजवळच भरावाला टेकून बसल्या. पोरीचे डोळे भरून आले. तुळजाबाईंनी तिला रडू दिलं नाही. "रडायचं न्हाई. धरून ठेवायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, की आता पुढं काय असतं. मंजुश्रीनं सांगितलं, रस्ता पुरा झाला की ड्रोन पुन्हा उडवतात. नवा नकाशा काढून तो रस्ते खात्याला देतात आणि खात्याचे अधिकारी तो आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या आखणीवर ठेवून बघतात, रस्ता जागेवर आहे का.

"आन् तो बी ह्या दगडावरच टांगायचा?"

"हाव, मावशी. ह्या अंगाच्या बाकीच्या खुणा रोलरखाली गेल्या. हा एकच राहिलाय. खूण चुकीच्या जागी दाखवली की संगणक लाल रंगात इशारा देतो. पण बघणारानं बघायला पाहिजे."

तुळजाबाईंनी मान हलवली. माझ्या पाठीवर त्यांचा हात होता. तो हात मला कळत होता. पहिल्या येळवशीला घासताना होता, तसाच होता.

मार्गशीर्ष सरत आला. वरच्या रानात हरभरा घाट्यावर आला, ज्वारी निसवली. खालचं रान मात्र अजून चिखलानं दबलेलं होतं. येळवशीच्या सकाळी तुळजाबाई टिकाव घेऊन एकट्याच आल्या. त्यांनी मला मातीतून मोकळं केलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि थांबत थांबत रानातल्या विहिरीवर नेलं. विटकरीनं घासून फुली काढली. रंग चिवट होता, पण त्याही चिवट होत्या. मग त्यांनी मला चुना दिला, असा दाट की मी उन्हात डोळ्यांत खुपावा. आणि वाळायला विहिरीच्या कठड्यावर ठेवलं.

बाकीचे चार कोपीच्या सावलीत वाळत होते. मला एकट्याला उघड्यावर ठेवलं. का ठेवलं ते त्या बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

थोड्या वेळानं आभाळात घूं घूं सुरू झालं. साहेबांना वर्षअखेरीच्या आत काम खात्याच्या गळ्यात घालायचं होतं. येळवस असो की दिवाळी, त्यांना काय? ड्रोन भरावावरून आला, ओढ्यावरून गेला, विहिरीवरून वळला. माझ्यावरून दोनदा गेला. मी आयुष्यात इतका पांढरा कधी दिसलो नव्हतो.

उन्हं डोक्यावर आली. मला कोपीत नेऊन चौघांशेजारी बसवलं, कपाळाला काव लावली. आंबील रानभर शिंपून झाली. हणमंतरावांना कशाचाच पत्ता नव्हता. त्यांनी रस्त्यावर गाडीत बसलेले साहेब पाहिले आणि धर्माप्रमाणे हाक मारली, सायब, आज येळवस हाय, जेवल्याबिगर जायचं न्हाई. साहेब आले. बूट काढून कोपीच्या तोंडाशी मांडी घालून बसले, बरोबर माझ्यासमोर.

तुळजाबाईंनी त्यांना आग्रह करकरून वाढलं. भज्जी, त्यावर तेल, उंडे, खीर, आणि आंबील तर नको नको म्हणेपर्यंत. साहेब मनापासून जेवले. असं जेवण लातुरात कुठं मिळतं आजी, असं म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. बुटानं उलथवलेला दगड त्यांना आठवतच नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच होता.

हात धुऊन ते उठायला लागले, तेव्हा तुळजाबाई म्हणाल्या, "पांडवाच्या पाया पडून जावा, सायब. आमच्यात तशी रीत हाय."

ते वाकले. त्यांनी पाचांना हात लावला आणि शेवटी माझ्यावर कपाळ टेकलं. त्यांच्या कपाळाला माझी काव लागली. ती तशीच घेऊन ते गाडीत बसून गेले. त्या कोपीतून मी कितीदा तरी नैवेद्य घेतलाय मित्रांनो, पण त्या दिवशीइतकं माझं पोट कधी भरलं नव्हतं.

लातूरला साहेब नकाशा करायला बसले. मंजुश्री शेजारच्याच खुर्चीत होती. संगणकानं विचारलं, पाच नंबरची खूण दाखवा. साहेबांनी फोटो चाळले. ओढ्याच्या तोंडाशी काही दिसेना. थोड्या अंतरावर मात्र एक पांढराशुभ्र सपाट दगड उन्हात चमकत होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. खूण दिसतेय ना, मग झालं. काळी फुली कुठं गेली, हे पाहायला फोटो मोठा करावा लागला असता. संगणकानं लाल अक्षरात लिहिलं की ही जागा जुळत नाही. साहेब म्हणाले, थोडंफार मागंपुढं होतंच. त्यांनी तसाच नकाशा एक्सपोर्ट केला आणि नांदेडला खात्याकडं पाठवून दिला. मंजुश्रीनं ते सगळं पाहिलं. ती मध्ये बोलली नाही. तिला विचारलं नव्हतं कुणी.

नांदेडच्या अधिकारी सौदामिनी मॅडम. त्यांनी तो नकाशा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आखणीवर ठेवला, तर जळकोटजवळ सगळी जमीन पिळलेल्या लुगड्यासारखी ताणलेली आणि एक अख्खी विहीर थेट रस्त्याच्या मधोमध आलेली. डांबरात विहीर. त्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः गाडी काढून आल्या. वरद साहेबांना बोलावलं, आणि पहिलं मोजमाप जिनं केलं होतं तिलाही घेऊन या म्हणून सांगितलं.

अशी सगळी माणसं भरावावर उभी राहिली. माझी जागा रिकामी होती, मातीत नुसता खड्डा. साहेबांनी खड्डा पाहिला, मग मान वळवून विहीर पाहिली, आणि त्यांना उमजलं. ते तुळजाबाईंकडं बोट करून म्हणाले, मॅडम, ह्या बाईंनी आमची खूण चोरली.

तुळजाबाईंनी चोरीचा शब्द नुसता ऐकून घेतला. त्या सगळ्यांना बाभळीखाली घेऊन गेल्या. आम्ही पाचही जण तिथं बसलेलो होतो, येळवशीचा चुना अंगावर ताजा होता. "तुमची खूण ही बघा. आमच्या आजेसासूच्याही सासूनं आणलेली हाय. इथून तुमी न विचारता नेली, मी न विचारता आणली. आन् सायब, तुमी तिच्यासमोर बसून जेवलात की. पाया बी पडलात."

मॅडमनी ओठ दाबून धरले. ड्रायव्हर दुसरीकडं बघून खोकायला लागला. साहेबांचा हात आपसूक कपाळाकडं गेला.

पण तुळजाबाईंना हसू नको होतं. त्या ह्यासाठी सहा महिने थांबल्या नव्हत्या. त्यांनी खालच्या रानाकडं हात केला. काळं पडलेलं सोयाबीन अजून चिखलात तसंच आडवं होतं.

"मॅडम, एक दगड जागचा हलला तर ह्यांच्या यंत्रात लाल होतं. माझा अख्खा ओढा ह्यांनी गिळला, तवा का लाल झालं न्हाई?"

मॅडमनी मंजुश्रीकडं पाहिलं. आता तिला विचारलं होतं. ती शांतपणे म्हणाली की ओढा पहिल्या उड्डाणात स्वच्छ आलेला आहे आणि तो अजूनही कंपनीच्या संगणकात आहे. चाळणी न लावता नकाशा पुन्हा बाहेर काढायला सांगा, म्हणजे उड्डाण चुकलं की आणखी काय चुकलं ते दिसेल.

नकाशा पुन्हा काढला गेला, पूर्ण, जडच्या जड. तो पाठवता येत नव्हता म्हणून मंजुश्री हार्ड डिस्क पर्समध्ये घालून नांदेडला स्वतः घेऊन गेली. खात्याच्या संगणकाला तो उघडायला इतका वेळ लागला की मध्ये दोनदा चहा झाला. आणि मग वरच्या माळापासून भरावापर्यंत, झोपलेल्या माणसाच्या मनगटावरची शीर दिसावी तसा, माझा बाप दिसला. त्याच जागी साहेबांनी हैदराबादला पाठवलेला गुळगुळीत नकाशा ठेवला. तिथं काही नव्हतं. मॅडमनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी छापून कंपनीला पाठवले. सोबत एकच ओळ लिहिली, की मोरी बसवल्याशिवाय रस्ता ताब्यात घेतला जाणार नाही.

नवाकोरा रस्ता होता, मित्रांनो. डांबराचा वास अजून गेला नव्हता, मधली पांढरी पट्टी नुकती मारलेली. तो फोडायला यंत्र आलं तेव्हा तुळजाबाई भाकरी बांधून बांधावर येऊन बसल्या, नाटकाला बसावं तशा. पहिला घाव पांढऱ्या पट्टीवर पडला. त्या एक घास खात होत्या आणि एक घाव बघत होत्या. हणमंतराव म्हणाले, उन्हात कशाला बसताव, घरी चला. त्या म्हणाल्या, तुमी जावा, मला आजच्याइतकी सावली कधी लागली न्हाई.

नळ्या कोणत्या उंचीवर बसवायच्या ते मोजायला जुन्या जागी खूण हवी होती. मंजुश्रीला साइटवर परत आणलं होतं. ती तुळजाबाईंपाशी आली, खाली बसली आणि म्हणाली, "मावशी, सहदेवाला चार दिवस देता का? मोरी झाली की परत."

बघा, एवढंच असतं. एवढंच विचारायचं असतं. तुळजाबाई म्हणाल्या, ने की माय, तुझाच हाय. मग त्यांनी आवाज चढवला, भरावावर उभ्या असलेल्या साहेबांना ऐकू जाईल असा. "पण ज्यानं पहिल्यांदा हलवला, त्यानंच न्यावा."

दोन मजूर पुढं झाले. तुळजाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. साहेबांना यावं लागलं. त्यांनी वाकून मला उचललं. बाभळीपासून ओढ्यापर्यंत मधे सगळं तेच बसलेलं रान होतं, काळी चिकट माती, एकेका पावलाला बूट ओढून धरणारी. मित्रांनो, दगडाला फार काही जमत नाही. शिव्या देता येत नाहीत, हात उगारता येत नाही. दगडाला फक्त वजन असतं. ते मी त्या दिवशी सगळंच्या सगळं दिलं. अर्ध्या रानात त्यांचा एक बूट चिखलात राहिला. ते थांबले नाहीत, कारण मला खाली ठेवायची त्यांना भीती वाटत होती. मोज्यावर चालत त्यांनी मला खड्ड्यापर्यंत नेलं, गुडघ्यावर बसून जागेवर ठेवलं, आणि मंजुश्रीनं सांगितलं तसं बोटभर इकडं, बोटभर तिकडं सरकवलं. ती त्यांना मुद्दाम चारदा सरकवायला लावत होती, हे मला कळत होतं.

धापा टाकत ते म्हणाले, झालं का आजी समाधान?

"अजून न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "मोरीतून पाणी गेल्यावर सांगते."

आता नळ्या बसल्या आहेत. मी परत बाभळीखाली आहे. तुळजाबाई खालच्या रानातला कुजका पसारा काढून टाकतात आणि दुपारी थोडा वेळ येऊन माझ्याशेजारी टेकतात. वरद साहेब किनवटकडं कुठल्याशा दुसऱ्या कामावर गेले म्हणतात. मंजुश्री इथंच रस्ता पुढं नेते आहे. प्रत्येक फाइलीबरोबर ओढ्यांच्या रेघा वेगळ्या आखून पाठवते. ते ऐकून मला बरं वाटलं. राग गेला, असं मात्र मी म्हणणार नाही. गेलेला नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या ड्रोन उडवेल, कुणी नकाशे काढून परगावी पाठवेल. तेव्हा एखादी वस्तू उचलण्याआधी ती कुणाची आहे, ते जवळच्या घरात विचारा. फाइल हलकी करावी लागली तर खुशाल करा, पण काय गाळलं ते पाहिल्याशिवाय पाठवू नका. ज्यांना ती मिळणार आहे त्यांना तुमचं रान दिसत नसतं, त्यांना तुम्ही पाठवाल तेवढंच दिसतं. नाही पाहिलंत तर लगेच काही होणार नाही. कुणी ओरडणार नाही, कुणी धावून येणार नाही. कुठल्या तरी बांधावर एखादा दगड फक्त तुमचं तोंड लक्षात ठेवेल. आम्हाला घाई नसते.